जुन्या नाण्यांचे ग्रेडिंग करून घ्यावे का?

घरातला एखादा बुजुर्ग अल्लाहला प्यारा होतो, चाळीस दिवस उलटतात, आणि मग कपाटातली किंवा संदुकीतली पोटली बाहेर निघते. त्यात राणीचे, राजाचे रुपये असतात, चारमिनारवाले असतात, एखादे असेही नाणे असते की ज्यावरचे घरात कुणालाच वाचता येत नाही. पूर्वी ही पोटली सरळ सराफ्यात जायची. आता घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "विकू नका, आधी ग्रेडिंग करून घेऊ. असाच रुपया तिकडे लाखात गेला आहे." इथून पुढे घरात दोन पक्ष पडतात. गेल्या वर्षभरात हा प्रश्न आमच्याकडे चार-पाच घरांतून आला, म्हणून या महिन्यात त्याविषयीच लिहितो.

आधी ग्रेडिंग म्हणजे काय ते पाहू. आपण नाणे एका कंपनीकडे द्यायचे. तिथले जाणकार ते अस्सल की बनावट हे पाहतात, किती झिजले आहे हे पाहतात, आणि १ ते ७० पर्यंत एक आकडा देतात. मग ते नाणे पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करतात. डबीवर नाण्याचे नाव, आकडा आणि क्रमांक छापलेला असतो. या धंद्यातली दोन मोठी नावे अमेरिकेची आहेत, पीसीजीएस आणि एनजीसी. पहिली १९८६ ची, दुसरी १९८७ ची. ७० चा आकडा त्याहून जुना. शेल्डन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली तो त्यांच्याकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढला. कल्पना अशी की, ७० आकड्याच्या सेंटची किंमत १ आकड्याच्या सेंटच्या सत्तरपट असावी. किमतीचे ते गणित केव्हाच मोडले, पण आकडे राहिले, आणि आज जगभरच्या नाण्यांना तेच लावले जातात.

पेपर तपासण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे या आकड्यांकडे आम्ही जरा सावधपणेच पाहतो. निबंधाला बारा द्यावेत की तेरा, हे सकाळी आणि संध्याकाळी वेगळे ठरू शकते. नाण्यांतही तसेच होते. पहिला आकडा पटला नाही म्हणून डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवणारे लोक आहेत, आणि कधीकधी त्यांना एक आकडा जास्त मिळतोही. ६४ ऐवजी ६५ आले की दुर्मीळ नाण्याच्या किमतीत मोठा फरक पडतो. पण हा सगळा खेळ ६० च्या वरचा, म्हणजे कधी बाजारात न फिरलेल्या नाण्यांचा. आपल्या दादा-नानांच्या पोटलीतले रुपये बाजारहाट करून, दहा कमरांच्या कशातून आणि शंभर हातांतून आलेले असतात. त्यांचा आकडा बहुधा बराच खाली येतो.

शहागंजच्या बाजूचे एक परिचित कुटुंब आहे. वडील गेले. मागे आई, दोन भाऊ, एक बहीण. पोटलीत ३१ नाणी निघाली. धाकट्याचे म्हणणे, सगळी ग्रेडिंगला पाठवू, वर्षभर थांबू. मोठ्याचे म्हणणे, आजच्या भावाने चांदी मोडू आणि मोकळे होऊ. बहीण सासरहून आली होती. तिचे म्हणणे एवढेच की, पाठवा नाहीतर मोडा, पण माझा हिस्सा कशावर ठरणार ते आज सांगा. आम्हाला तिचेच म्हणणे सर्वात रास्त वाटले. "अजून किंमत कळली नाही" या एका वाक्यावर किती बहिणींचे हिस्से वर्षानुवर्षे लटकलेले असतात, हे वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. शिवाय शरीअतच्या हिशेबाने इथे चाळीस भाग धरले तर आईचे पाच, दोन्ही भावांचे चौदा-चौदा आणि बहिणीचे सात येतात. नाणी मोजून अशी वाटणी होऊ शकत नाही, कारण सगळी नाणी एका किमतीची नसतात. किंमत लावावीच लागते. म्हणून एका दुपारी दस्तरखान अंथरून आम्ही ती ३१ नाणी वेगवेगळी केली.

१९ नाणी पंचम जॉर्जची, १९१२ ते १९२० मधली. आपल्याकडचे जुने लोक याला 'कलदार' म्हणत, कारण तो कलेवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. हीच नाणी बहुतेक घरांत असतात, आणि ग्रेडिंगचा आग्रहही बहुतेक यांच्यासाठीच धरला जातो. आता हे पाहा. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयाची इतकी टंचाई झाली की अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी इकडे विकली. एकट्या १९१८ साली मुंबई आणि कलकत्ता या टांकसाळींनी मिळून ४० कोटींच्या वर रुपये पाडले. शंभर वर्षे जुना असला तरी जो रुपया कोट्यवधींनी पडला, तो दुर्मीळ होत नाही. जुने आणि दुर्मीळ यांतला हा फरक लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. अशा झिजलेल्या रुपयाची किंमत चांदीच्या किमतीच्या आसपास राहते, फार तर थोडी वर. व्हिक्टोरिया राणीचे दोन रुपये होते, तेही नेहमीच्या सालांचे आणि चेहरा पुसट झालेले. तेही याच ढिगात गेले.

एक रुपया मात्र १९११ चा निघाला. त्याची गोष्ट आपल्या समाजाशी जोडलेली आहे. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरच्या पदकात एक हत्ती कोरला होता. त्याची सोंड आणि पाय इतके आखूड झाले की लोकांना ते डुक्कर वाटले. मुसलमानांत मोठी नाराजी पसरली. सरकारने नाणे थांबवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढला. पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी ७ लाखांच्या आसपासच बाहेर गेले होते, बाकीचे वितळवले. म्हणून संग्राहक १९११ च्या रुपयाला चांदीपेक्षा बरेच जास्त देतात. तुमच्या पोटलीत पंचम जॉर्जचे रुपये असतील तर आधी साल पाहा. १९११ असेल तर तो वेगळा ठेवा.

सात नाणी निजामाची, 'हाली सिक्का'. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा रुपया वेगळा होता. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव चाले. हा सिक्का १९५९ पर्यंत चलनात होता. वजन ११.१८ ग्रॅमच्या जवळ. चांदी कलदारपेक्षा कमी, शेकडा ८१.८, म्हणजे एका नाण्यात नऊ ग्रॅमहून थोडी अधिक. सराफाने हाली आणि कलदार एकाच भावाने धरले तर कुणाचे तरी नुकसान आहे, एवढे लक्षात ठेवा. या सात नाण्यांवर आमचा सर्वाधिक वेळ गेला, आणि तो मजेत गेला. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर मीम, मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यावर ऐन. उस्मान अली खान यांच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर हा ऐन अपुरा कोरलेला आहे, पुढे पूर्ण झाला. अपुऱ्या ऐनाचे नाणे संग्राहक अधिक शोधतात. वर ९२ हा आकडा दिसतो. अबजदच्या हिशेबाने 'मुहम्मद' या नावाचे अंक ९२ होतात. मीमचे ४०, हेचे ८, पुन्हा मीमचे ४०, दालचे ४. साल हिजरी असते आणि उर्दू आकड्यांत असते. घरातल्या बारावी झालेल्या नातवाला ते वाचता येईना, आणि ज्या आजीला सगळे 'अनपढ' म्हणतात तिने एका दमात सातही वाचली. सातही पूर्ण ऐनाची निघाली.

उरली दोन. एका रुपयाला वर कडी डाखलेली होती, कधीकाळी तो गळ्यातल्या माळेत असणार. कडी डाखलेले, भोक पाडलेले किंवा घासून चकचकीत केलेले नाणे ग्रेडिंगला पाठवले तर त्याला आकडाच मिळत नाही. डबीवर 'डिटेल्स' असा शेरा आणि पुढे दोष लिहून येतो. फी मात्र पूर्ण लागते. इथे एक कळकळीची विनंती. जुनी नाणी चिंच, राख, लिंबू, टूथपेस्ट, कशानेही घासू नका. चांदीवर वर्षानुवर्षांनी चढलेला काळसर रंग हा मळ नव्हे. संग्राहक त्याच रंगाला पैसे देतो, आणि घासलेले नाणे त्याला भिंग लावताच कळते. नाणे कडेने धरावे, कोरड्या कागदाच्या पाकिटात एकेक वेगळे ठेवावे. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ठेवू नये, त्याने नाण्याला हिरवट चिकट थर धरतो.

शेवटचे, एकतिसावे नाणे सगळ्यात मोठे आणि घरात सगळ्यात जपलेले. एका बाजूला मक्का-मदिना, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. बाजारात याच सालाची राम दरबार, हनुमान, लक्ष्मी असलेली नाणी विकतात, तसेच आपल्यासाठी हे. हिंदूला त्याचे, मुसलमानाला त्याचे, विकणारा एकच. आईंना हे सांगताना आम्हाला जड गेले. त्यांनी ते हातात घेतले, कपाळाला लावले आणि म्हणाल्या, "किंमत नसली तरी तुमच्या अब्बांनी ठेवलेले आहे." त्यावर आम्ही काय बोलणार?

आता ग्रेडिंगचा खर्च. फी परदेशी चलनाच्या हिशेबाने, त्यावर जाण्या-येण्याचे टपाल, विमा आणि मधल्या व्यापाऱ्याचे कमिशन. समजा एका नाण्यामागे सगळे मिळून ४,००० रुपये पडले. झिजलेला १९१८ चा रुपया डबीत बसून चांदीच्या भावावर पाच-सातशे जास्त आणत असेल, तर आपण तीन हजारांहून जास्त घालवले. १९ नाण्यांचा खर्चच ७६,००० होतो. उलट, जे नाणे डबीशिवाय २०,००० ला मागतात आणि प्रमाणपत्रासह ४५,००० ला जाऊ शकते, तिथे ४,००० घालणे शहाणपणाचे. हे आकडे समजुतीसाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. विचारायचे एवढेच: आकडा मिळाल्याने किमतीत जो फरक पडेल तो खर्चाच्या दुप्पट-तिप्पट तरी आहे का? नसेल तर डबी ही फक्त महागडी डबी आहे.

प्रमाणपत्राचा खरा उपयोग अस्सल-बनावटाचा संशय असतो तिथे होतो. उदाहरण १९३९ च्या सहाव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचे. तो खरोखर दुर्मीळ आहे, म्हणूनच दुसऱ्या सालाच्या रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून केलेले बनावट १९३९ फिरत असतात. असे नाणे हाती आले तर ग्रेडिंगचा विचार जरूर करावा. त्याशिवाय कुणी जाणकार पूर्ण किंमत देणारच नाही.

पण पाठवण्याआधी कायदा पाहा, कारण हे धाकट्या चिरंजीवांना कुणीच सांगितले नव्हते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पुरी झालेले नाणे पुरावशेषात येते, आणि पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पंचम जॉर्जचे १९१२ ते १९२२ चे सगळे रुपये आज या रेषेच्या पलीकडे गेले आहेत. घरात ठेवायला हरकत नाही. पार्सल करून अमेरिकेला धाडायला आहे. कुणी व्यापारी "आम्ही ग्रेडिंग करून देतो" म्हणाला तर नाणे कुठे तपासले जाणार, देशात की बाहेर, हे लेखी घ्या. शेतात नांगरताना किंवा जुना वाडा पाडताना मातीत नाणी सापडली तर ती गोष्ट आणखी वेगळी. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरला कळवणे बंधनकारक आहे.

आपल्या शहराच्या नाण्यांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुघलांच्या काळी औरंगाबादेत टांकसाळ होती आणि तिथल्या नाण्यांवर शहराचे नाव 'खुजिस्ता बुनियाद' असे येते. मुबारक पायाचे शहर, असा अर्थ. औरंगजेब बादशहाने गादीवर येताच नाण्यावरचा कलमा बंद केला, तो अपवित्र हातांत आणि जागी जाऊ नये म्हणून. त्या जागी फारसी शेर आला. ही नाणी हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अर्धी अक्षरे नाण्याबाहेरच राहतात. अशा नाण्याची किंमत ७० पैकी आकड्यावर ठरत नाही. टांकसाळीचे नाव आणि साल चकतीवर आले आहे की नाही, हे आधी पाहतात. अमेरिकन सेंटसाठी काढलेली पट्टी इथे तोकडी पडते. असे नाणे घरात असेल तर आधी फारसी-उर्दू वाचणाऱ्याला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, संग्रहालयही आहे. मुलांना घेऊन एकदा जाण्याजोगी जागा.

किमतीचा अंदाज कुठून घ्यायचा? मोबाइलवर कुणी मागितलेली किंमत धरू नका. मागायला काय, कुणी कितीही मागतो. मुंबईची तोडीवाला, अहमदाबादची क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी अशी लिलावघरे आहेत. त्यांच्या लिलावात प्रत्यक्षात कोणते नाणे कितीला गेले, ते पाहा, आणि आपल्या नाण्याइतकेच झिजलेले नाणे शोधून तुलना करा. वैष्णोदेवीचे पाच-दहा रुपयांचे नाणे किंवा ७८६ ची नोट लाखात घेतो म्हणणारा फोन आला तर ठेवून द्या. असे लोक आधी कर, कमिशन, नोंदणी अशा नावांनी पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितले की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा काहीही संबंध नाही.

त्या घराचे पुढे असे झाले. ग्रेडिंगला एकही नाणे गेले नाही. खोटे नाणे बाजूला ठेवून ३० नाण्यांचे वजन केले. २३ कलदार आणि ७ हाली मिळून शुद्ध चांदी ३१० ग्रॅमच्या आसपास आली, झीज धरून थोडी कमी. त्या दिवसाचा भाव सराफ्यात दोन दुकानांत विचारला. १९११ च्या रुपयासाठी लिलावांतली किंमत पाहिली आणि तिघा भावंडांना मान्य झालेला आकडा कागदावर लिहिला. तो रुपया धाकट्याने त्याच किमतीत आपल्या हिश्शात घेतला. उद्या तो ग्रेडिंग करो, न करो, त्याची मर्जी. बहिणीला सात भागांची रक्कम त्याच आठवड्यात मिळाली, आणि यादीवर चौघांच्या सह्या आहेत.

जाता जाता जकातीचे. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, आणि तोळा म्हणजे एका कलदार रुपयाचेच वजन. तेव्हा साडेबावन्न कलदार म्हणजे निसाब, असा सोपा हिशेब आपल्या आजोबांना तोंडपाठ होता. पोटलीत तेवढे नसले तरी घरातले सोने, रोकड यांच्याबरोबर ही चांदीही मोजावी लागते. संग्राहकाच्या किमतीने धरायची की चांदीच्या भावाने, हे आपल्या आलिमांना विचारून घ्या. कपाटात आहे आणि कुणाला दिसत नाही, म्हणून ती हिशेबाबाहेर राहत नाही.

कडीवाल्या रुपयाचे मात्र अजून ठरलेले नाही. तो बहिणीलाही हवा आहे आणि मोठ्या भावाच्या मुलीलाही.